हक्क सोडायला शिकताना

भाऊ, कुणी अन्याय केला तर आपला हक्क सोडून तो सोसायला कसं शिकायचं, हा प्रश्न बाप्तिस्मा झाल्याबरोबर तुम्हाला पडला, याचा मला फार आनंद वाटला. सुरुवातीला प्रेषित पौलाचं बायबलमधलं एकच वचन धरा: १ करिंथ ६:७ (करिंथच्या मंडळीला लिहिलेलं त्याचं पहिलं पत्र). तिथल्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, भाऊ एकमेकांना कोर्टात खेचत होते. पौलाने त्यांना विचारलं, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही?

लहान गोष्टींपासून सुरू करा. तुमच्या कामाचं श्रेय कुणी लाटलं, भावकीत कुणी टोमणा मारला, तर त्या दिवशी उत्तर देऊ नका. त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करा. बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, उत्पत्तीचा, २६ वा अध्याय वाचा. गरार गावच्या गुराख्यांनी विहिरींवरून दोनदा भांडण काढलं; अब्राहामाचा मुलगा इसहाक याने जागा सोडली आणि तिसरी विहीर खणली.

नवे विश्वासी हमखास चुकतात ते इथे:

- तोंड बंद, पण मनात हिशेब चालू. याला नम्रता म्हणत नाहीत.
- आपण किती सोसलं, हे चारचौघांत सांगत फिरणं.
- दुसऱ्याला सोसायला लावणं. ही चूक सगळ्यात वाईट. हक्क फक्त स्वतःचा सोडता येतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बहिणीला हे वचन कधीही ऐकवू नका. तिला सुरक्षित जागी पोचवा, पोलिसांत जायला सोबत करा.

पौलानेही फिलिप्पै शहरात, चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकल्यावर, आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं होतं (प्रेषितांची कृत्ये १६:३७); म्हणजे कधीकधी बोलावंही लागतं. कुठे बोलायचं, हे पुढे सावकाश पाहू. या आठवड्यात रोज १ पेत्र २:१९-२३ वाचा आणि रविवारी उपासनेनंतर मला भेटा.