रोज जिमला जातो, तरी शुगर बॉर्डरवर कशी? (वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं)

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी 36 वर्षांचा, हिंजवडीत आयटीत आहे. अंगानं बारीक, वजन 64, सिगारेट-दारू काही नाही, सकाळी पाऊण तास जिम करतो. पण कंपनीच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) 5.9 आलं आणि लॅबवाला म्हणाला प्री-डायबेटीस. आमच्या घरात कुणालाच शुगर नाही. सकाळी दहाला बसलो की रात्रीचे अमेरिकेचे कॉल संपेपर्यंत खुर्चीतच असतो, जेवणसुद्धा डेस्कवरच होतं. हे बसण्यामुळंच झालं असेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर: घाबरू नका, 5.7 ते 6.4 ही प्री-डायबेटीसची रेंज आहे आणि इथून माणूस मागे फिरू शकतो. एकट्या बसण्यामुळंच झालं असं छातीठोक कुणी सांगू शकणार नाही, झोप, जेवण, ताण सगळंच यात असतं, पण तुमचा दिवस वाचून मला बसण्याचीच काळजी जास्त वाटते.

कसं होतं ते सांगतो. जेवणानंतर रक्तात जी साखर येते तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू, त्यातही मांड्या आणि पोटऱ्या. स्नायू हलला की तो इन्सुलिनची फारशी वाट न बघताही साखर आत ओढून घेतो, आणि तुम्ही डबा खाऊन तिथंच बसून राहिलात की हे गिऱ्हाईक झोपलेलं राहतं, सगळा भार इन्सुलिनवर पडतो, आणि असं वर्षानुवर्षं रोज होत राहतं. सकाळच्या जिमचा फायदा नक्की आहे, ती अजिबात सोडू नका, पण दुपारी दीडच्या डब्यासाठी पाय दुपारीच हलावे लागतात.

आता बारीक असण्याबद्दल, कारण इथंच आपल्याकडं फार जण फसतात. पुण्याच्याच केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला होता, त्यात ते स्वतः आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) सारखाच, 22.3, पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! म्हणजे वजनकाटा आपल्याला पूर्ण खरं सांगत नाही. तुम्ही टेप घेऊन पोटाचा घेर मोजा, भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर आणि बायकांसाठी 80 ही मर्यादा धरतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2023 मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात देशात 10.1 कोटी लोकांना डायबेटीस आणि 13.6 कोटींना प्री-डायबेटीस असा अंदाज आहे, तेव्हा घरात कुणाला नाही म्हणून आपण सुटलो असं समजू नका (आणि घरच्यांनी शेवटची तपासणी कधी केली होती तेही एकदा विचारा).

बसण्याचा विषय नवा नाही. 1953 मध्ये ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर तपासले, दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त निघाला. पुढं त्यांनीच युनिफॉर्मची मापं काढून दाखवलं की ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेला मोठ्या होत्या, त्यामुळं फरक नुसता बसण्याचाच का हा वाद राहिला, पण प्रश्न तिथूनच सुरू झाला. 2016 मध्ये दहा लाखांवर लोकांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की रोज 60 ते 75 मिनिटं बऱ्यापैकी दम लागेल असा व्यायाम करणाऱ्यांत आठ तासांहून जास्त बसण्यानं वाढणारा मृत्यूचा धोका जवळपास पुसला जातो. तुमची पाऊण तास जिम, त्यात मधे मधे फोन बघणं असेल तर ती अजून कमी, म्हणजे अंतर आहेच.

मग करायचं काय? 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत 11 जणांवर एक छोटा अभ्यास झाला, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखरेची उसळी निम्म्याहून जास्त कमी झाली. अकराच माणसं आहेत, पण याच दिशेचे बाकीचेही अभ्यास आहेत. तुमच्या नोकरीत दर अर्ध्या तासाला जमणार नाही हे मला कळतं, म्हणून एकच गोष्ट आधी धरा, जेवण डेस्कवर नको आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. ज्या कॉलमध्ये नुसतं ऐकायचं असतं तो उभ्यानं, फेऱ्या मारत घ्या. तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करा आणि रिपोर्ट तुमच्या फिजिशियनला दाखवा.

प्रश्न: कंबर धरते म्हणून उभं राहून काम करायचं टेबल घेऊ का? बरंच महाग आहे. – वाचक, ठाणे

उत्तर: पैसे असतील तर घ्या, पण त्यावर दिवसभर उभं राहू नका, त्यानं पाय दुखतात आणि शिरा फुगायचा त्रास वाढू शकतो. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या सेल्सगर्लना विचारा! त्यांना बसायला मिळावं म्हणून केरळला 2018 मध्ये आणि तमिळनाडूला 2021 मध्ये कायदा करावा लागला. कंबरेला हवी असते ती बदलती पोझिशन. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवर ताबा कमी वाटला तर मात्र टेबलाचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.

प्रश्न: मी बँकेत काउंटरला असते, समोर लाईन असते, उठायचं म्हटलं की लोक ओरडतात आणि साहेबही. संध्याकाळी पाय सुजतात. – वाचक, नाशिक

उत्तर: ताई, तुमचा प्रश्न वाचून वाईट वाटलं, कारण उठायची परवानगी मागावी लागते हाच खरा आजार आहे आणि तो तुमचा नाही, ऑफिसचा आहे. पोटरीचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलतात, ते थांबले की रक्त खाली साचतं. काउंटरवर बसल्या बसल्या टाचा वर-खाली करत राहा, पाणी कमी पिऊ नका (बऱ्याच जणी बाथरूमला जावं लागू नये म्हणून पीतच नाहीत, तसं करू नका), घरी आल्यावर पाय उशीवर ठेवा. दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर बीपी, थायरॉईड, किडनी एकदा तपासून घ्या. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखली, गरम लागली तर शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि साहेबांना एकटीनं नको, चार-पाच जणींनी मिळून लेखी सांगा की तासाला पाच मिनिटं एकमेकींचं काउंटर सांभाळू.