न्यू जर्सीतल्या शाळेने मीटिंगमध्येच मुलाच्या आयईपीचा (खास गरजा असलेल्या मुलासाठी शाळा करते त्या लेखी शिक्षण-योजनेचा) कागद पुढे केला, लगेच सही करायची का?

ताई, मीटिंगमध्ये सही करू नका, कागद घरी आणा आणि दोघांनी बसून नीट वाचा. पहिल्यांदा स्पेशल एज्युकेशन सुरू करायला पालकांची लेखी संमती लागतेच, आयडिया नावाचा फेडरल कायदा आहे त्यात तसं आहे. फक्त फार दिवस लावू नका, कारण ती संमती मिळेपर्यंत थेरपी सुरू होत नाही.

आम्ही पण न्यू जर्सीतच. माझा मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा, घरी सगळे मराठीच बोलायचो, तो पाणी, भूभू, दे, नको सगळं म्हणायचा, पण टेस्ट इंग्लिशमध्ये झाली आणि रिपोर्टमध्ये आलं की त्याला जवळजवळ शब्दच नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही. नंतर कळलं की शक्य असेल तिथे टेस्ट मुलाच्या भाषेत घ्यायची असं कायद्यातच आहे. मग मी त्याच्या 43 मराठी शब्दांची यादी अर्थासकट लिहून दिली आणि चाइल्ड स्टडी टीमने (मुलाची तपासणी करणारी शाळेची टीम) ती आयईपीतल्या 'प्रेझेंट लेव्हल्स'मध्ये, म्हणजे मूल आत्ता काय काय करू शकतं त्या भागात, घातली. हा भाग सगळ्यात आधी वाचा, कारण पुढचे गोल, म्हणजे वर्षभराची उद्दिष्टं, त्याच्यावरच ठरतात, तिथेच मूल चुकीचं लिहिलं गेलं तर वर्षभर चुकीचंच शिकवत बसतील.

गोल मोजता येईल असा पाहिजे. "बोलणं सुधारेल" हा गोल नाही, "कोणी न सुचवता 5 पैकी 4 वेळा दोन शब्द जोडून मागेल" हा गोल. तसंच स्पीच थेरपी आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, एकट्याला का ग्रुपमध्ये, हे आकड्यात लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका.

इंग्लिशमध्ये अवघडल्यासारखं होत असेल तर दुभाषी मागा, फुकट द्यावा लागतो. वर्षातून एकदा तरी रिव्ह्यू होतोच, पण मधे कधीही मीटिंग मागता येते, ईमेलवर मागा म्हणजे तारीख राहते. टेस्टच पटली नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी स्कूल डिस्ट्रिक्टच्या (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) खर्चाने मागता येते, त्यांना नाही म्हणायचं असेल तर सुनावणीला जाऊन आपली टेस्ट बरोबर होती हे दाखवावं लागतं.

आणि कोणी "घरी इंग्लिशच बोला" म्हटलं तरी मराठी सोडू नका हो, आम्ही नाही सोडली, तो आता आजीशी रोज फोनवर भांडतो.

मुलाचं वय किती आणि टेस्ट कुठल्या भाषेत झाली ते लिहा, यादी कशी केली ते सांगते.