कुठे माशी शिंकली? ट्राउटच्या फ्लायविषयी वाचकांचे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की हिमाचलातल्या ट्राउटच्या, म्हणजे थंड पाण्यातल्या त्या माशाच्या, नद्या उघडायला थोडेच दिवस उरतात आणि माझ्याकडे एकाच चालीवरचे प्रश्न यायला लागतात: ‘कुठली फ्लाय घेऊ?’ यंदा परदेशातूनही दोघांनी विचारलंय आणि रत्नागिरीच्या एका गरवणाऱ्याने मला चांगलंच पेचात पकडलंय. फ्लाय म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेला नकली किडा. तिला मी ‘ती’ म्हणतो, कारण काही झालं तरी ती माशीच.

एप्रिलमध्ये चार दिवस तीर्थन खोऱ्यात जातोय. ऑनलाइन दुकानात शेकड्यांनी फ्लाय दिसतात. नेमक्या कुठल्या घेऊ? (पुणे)

पाच नमुने पुरेत. पाण्यावर तरंगणाऱ्या, म्हणजे ड्राय फ्लायपैकी पॅराशूट अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस. पाण्याखालच्यांपैकी फेझंट टेल आणि हेअर्स इअर या दोन निंफ, म्हणजे पाण्यातल्या किड्यांच्या पिल्लांच्या नकला, दोन्ही डोक्याशी जड मणी असलेल्या. आणि एक काळी किंवा शेवाळी वूली बगर. पहिल्या चार १४ आणि १६ नंबरच्या गळावर, बगर १० वर. हे नंबर उलटे चालतात हे विसरू नका: आकडा वाढला की गळ लहान होतो. एका वाचकाने ‘मोठा मासा हवा’ म्हणून हौसेने २२ नंबर मागवला होता. पाकीट उघडल्यावर त्याला आधी रिकामंच वाटलं.

तीस प्रकार एकेक घेण्यापेक्षा हे पाच प्रकार प्रत्येकी चार-पाच घ्या. जी फ्लाय चालते तीच नेमकी फांदीत अडकते आणि डबीत तिची जोडीदारीण नसते.

इतक्या थोड्या का पुरतात? तीर्थन ही दगडाधोंड्यांतून उड्या मारत येणारी नदी. तिथल्या ट्राउटला समोरून वाहत जाणारा घास पारखायला सेकंदभरही मिळत नाही. आकार बरा, ठेवण किड्यासारखी आणि वाहणं सहज वाटलं की तो तोंड उघडतो. पंखाची छटा राखाडी की करडी, याची चिकित्सा संथ पाण्यातला मासा करतो.

एप्रिलच्या सकाळी पाणी गारठलेलं असतं. अकरापर्यंत निंफ तळाशी चालवा. ऊन पाण्यात उतरलं आणि कॅडिस नावाचे पतंगासारखे किडे उडताना दिसले की ड्राय लावा. पण पहिली गाठ मारण्याआधी घोटाभर पाण्यातला एक दगड उलटा करून बघा. खाली चपटे, तीन शेपट्यांचे जीव सरपटत असतील तर त्या मेफ्लाय या किड्याच्या खऱ्या निंफ. वाळूचे कण चिकटवून केलेली नळकांडी दिसली तर आत कॅडिसची अळी आहे. तुमच्या डबीतलं जे त्या मापाला जवळचं असेल ते बांधा. दगड होता तसा परत ठेवा, ते कुणाचं तरी घर आहे.

मत्स्यविभागाचा परवाना आधी काढा आणि एका दोरीला किती गळ चालतात, किती मासे ठेवता येतात, हे तिथेच विचारून घ्या. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउटचं पाणी बंद असतं, कारण तो त्यांच्या विणीचा काळ.

भाऊ आणि मी एकाच डोहावर उभे होतो. फ्लाय एकच, नंबर एकच. त्याला तीन ट्राउट, मला भोपळा. माझी माशी कुठे शिंकली? (नाशिक)

शिंकली ती दोरीत. याला ड्रॅग म्हणतात. ट्राउट न मिळण्याची शंभर कारणं लोक सांगतात, त्यातली बहुतेक शेवटी इथेच येऊन थांबतात असं माझं मत आहे.

पाण्यावर पडलेला किडा स्वतःच्या मर्जीने कुठे जात नाही. खालचा प्रवाह नेईल तिकडे, त्याच वेगाने जातो. तुमची फ्लाय मात्र दोरीला बांधलेली आहे. तुम्ही आणि ती, यांच्या मध्ये वेगवान धार असेल तर धार आधी दोरी पकडते. दोरीला पोट येतं आणि ते पोट फ्लायला आडवं ओढतं. मग फ्लायच्या मागे पाण्यावर बारीकशी इंग्रजी व्हीच्या आकाराची रेघ उमटते. तुम्हाला ती दिसणारही नाही. माशाला दिसते. पालखीच्या गर्दीत एखादाच आडवा धावला तर तो जसा लगेच नजरेत भरतो, तसं ते.

यावर पहिला उपाय म्हणजे जवळ जा. आपल्याकडच्या मंडळींना लांब फेकण्याची भारी हौस. दगडधोंड्यांच्या नदीत मासा तीन-चार मीटरवर, धोंड्याआडच्या वाटीएवढ्या शांत पाण्यात उभा असतो. खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून वर सरका, कारण ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो. रॉड उंच धरा, म्हणजे जाड दोरी पाण्याला लागणारच नाही. फक्त पुढचा बारीक धागा, म्हणजे लीडर, आणि फ्लाय पाण्यावर राहू दे.

जवळ जाता येत नसेल तर मेंडिंग करा: फ्लाय पडल्या पडल्या रॉडच्या टोकाने दोरीचं पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका. ते पोट पुन्हा खाली येईपर्यंत तुम्हाला चार-पाच सेकंद मिळतात. बहुतेक वेळा तेवढे पुरतात. शेवटचा धागा, म्हणजे टिपेट, फार जाड असेल तरी फ्लाय अवघडते. १४ किंवा १६ नंबरला ५एक्स धागा बरोबर बसतो. तो ०.००६ इंच, म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर जाड असतो. गळाच्या नंबराला तीनने भागायचं, टिपेटचा आकडा ढोबळमानाने हाती येतो.

निंफला ड्रॅग असतोच, वर तिला खोलीही लागते. अधूनमधून तळाचा दगड लागत नसेल तर तुमची निंफ माशाच्या डोक्यावरून चालली आहे. ट्राउटचं बहुतांश खाणं पाण्याखाली होतं, पण डोक्यावरून जाणाऱ्या घासासाठी तो दरवेळी उठेलच असं नाही. अशा वेळी फ्लाय बदलू नका. जास्त जड मणी लावा, नाहीतर प्रवाहाच्या थोडं अधिक वरच्या बाजूने टाका.

पुढच्या वेळी भावाची फ्लाय बघू नका, त्याचे पाय कुठे आहेत ते बघा.

कोलोरॅडोत राहते. साउथ प्लॅट नदीवर डोळ्यांसमोर ट्राउट वर येत होते, पण माझी अ‍ॅडम्स नाकाशी नेऊनही एकाने घेतली नाही. तासभर तोच छळ. (डेन्व्हर)

धरणाखालच्या त्या पाण्यात ट्राउट रोज कुणा ना कुणाची फ्लाय बघतात. त्यांना फसवणं म्हणजे भाजीबाजारात मुरलेल्या आजीला शिळी मेथी विकणं.

मासे ‘वर येत होते’ म्हणता, पण पाण्याबाहेर काय आलं? नाक दिसलं आणि मागे बुडबुडा राहिला, तर तो पृष्ठभागावरचा किडा खातोय. माशाने वरून घास घेतला की हवाही गिळली जाते, तोच हा बुडबुडा. फक्त पाठीची आणि शेपटीची कमान दिसली, बुडबुडा नाही, तर तो इंच-दोन इंच खाली, वर यायला धडपडणारे अर्धवट उमललेले किडे टिपतोय. हे इमर्जर. तुम्ही त्याच्या ताटाच्या वर फ्लाय तरंगवत होता.

अशा थंड, स्थिर पाण्यात वर्षभर मिज नावाची चिलटं निघतात, तीही बारीक. तिथे २० ते २२ नंबरची आरएस२ ही इमर्जरची नक्कल बांधा. ती रिम चुंग यांनी त्याच कोलोरॅडोत घडवली. टिपेट ६एक्स. डोळ्यांना ती दिसणार नाही, म्हणून दीड-दोन फूट आधी तुमची अ‍ॅडम्सच खुणेसाठी ठेवा. अ‍ॅडम्स थबकली किंवा तिच्या आसपास पाणी हललं की रॉड नुसता उचला. झटका दिलात तर ६एक्सचा धागा तुमच्या हाती आणि फ्लाय त्याच्या ओठात.

इंग्लंडात हँपशायरच्या एका नदीचं दिवसाचं तिकीट काढलं. नियमांत ‘फक्त ड्राय फ्लाय, फक्त प्रवाहाच्या वरच्या दिशेने’. निंफने काय घोडं मारलंय? (रेडिंग)

त्यामागे शंभर वर्षांहून जुनं भांडण आहे. खडूच्या डोंगरांतून झिरपणाऱ्या टेस्ट आणि इचेनसारख्या नद्यांचं पाणी काचेसारखं. तिथे मासा आधी दिसतो, मग त्याच्यासाठी फ्लाय टाकायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी ड्राय फ्लायचं शास्त्र मांडलं आणि त्यांच्या अनुयायांनी त्याचं सोवळं केलं. मग इचेनवर जी. ई. एम. स्क्यूज यांनी मासा खाली खात असेल तर निंफही तितकीच सभ्य, असं म्हणायला सुरुवात केली. हा वाद इतका पेटला की १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर चर्चासभा झाली.

गंमत अशी की आज जगभर चालणारी फेझंट टेल निंफ त्याच मुलखातली. विल्टशायरच्या एव्हन नदीचे राखणदार फ्रँक सॉयर यांनी ती घडवली, तीही तितराच्या जातीच्या फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार एवढ्यावर. त्यांनी बांधायला दोराच घेतला नाही, तारेनेच वजन आणि बांधणी दोन्ही साधली. मला ती सगळ्या फ्लायमध्ये बुद्धिमान वाटते.

तुम्ही तिकिटावरचा नियम पाळा. मे अखेर ते जूनच्या आरंभी मोठी मेफ्लाय निघते तेव्हा जा. त्या पंधरवड्याला तिकडे ‘डफर्स फोर्टनाइट’ म्हणतात, म्हणजे अनाड्यांचा पंधरवडा. मासे तेव्हा सोवळं-ओवळं विसरतात.

घरी फ्लाय बांधायला शिकतोय. मोरपिसं आहेत. गावाकडे रानकोंबड्याची पिसंही मिळतील म्हणतात. वापरू का? (कोल्हापूर)

मोरपीस गळून पडलेलं असेल तर जरूर वापरा. देशात ते बाळगायला आणि विकायला मुभा आहे, परदेशी पाठवायला नाही. डोळ्याखालच्या काडीचे हिरवट-तांबूस तंतू गळावर गुंडाळले की पाण्यात किड्यासारखे चमकतात. एकच खोड, ते माशाच्या दातांनी तुटतात. म्हणून वरून उलट दिशेने बारीक तांब्याच्या तारेचे चार वेढे द्या.

रानकोंबड्याला मात्र हात लावू नका. आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना टोकाशी मेणाच्या थेंबासारखे पिवळसर ठिपके असतात. त्या ठिपक्यांसाठी सॅमनच्या फ्लाय बांधणाऱ्या ब्रिटिशांनी या पक्ष्याची कातडी खोक्यांनी नेली. आज तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. आणि ट्राउटला त्याचं काही अडत नाही.

गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं घ्या, ती मोप मिळतात. अमेरिकेत खास पैदाशीची कोंबडी येण्याआधी जगभरचे फ्लाय बांधणारे ‘इंडियन केप’ म्हणून हीच विकत घेत. लहान ड्रायसाठी त्यांचे तंतू जरा लांब पडतात, पण वूली बगरला झकास.

आम्ही खाडीत गरीला जिवंत कोळंबी लावून गरवतो. खरं खाणं लावायचं सोडून पिसं बांधायची, हा शहाणपणा की श्रीमंती चाळे? आणि ट्राउट इकडे का नाही? (रत्नागिरी)

थोडे चाळे आहेतच, नाकारत नाही. पण एक कारण यांत्रिक आहे. तुमच्या गरीला शिसं किंवा आमिषाचं वजन असतं, म्हणून ती लांब जाते. ट्राउट जे खातो ते किडे गव्हाच्या दाण्यापेक्षा हलके, गळावर टोचताही येत नाहीत. म्हणून इथे वजन दोरीलाच दिलंय. जाड दोरी फेकली जाते आणि बिनवजनाची फ्लाय तिच्यामागून जाते. शिवाय मासा कोळंबी गिळून बसतो, फ्लाय सहसा ओठाला लागते, म्हणून सोडून देणं सोपं जातं. गळाचा उलटा काटा पक्कडने आधीच दाबून टाका, हात ओले करून मासा धरा आणि पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउट गरवणं बंद करा. तेवढ्या ऊन पाण्यात दमवलेला मासा सोडला तरी जगेल याचा भरवसा नाही.

आपल्याकडे तो नाही त्याचंही कारण पाणीच. त्याला बारमाही थंड, वाहतं पाणी लागतं. १९०० साली स्कॉटलंडहून आलेला ट्राउट काश्मिरात जगला. पुढे निलगिरीत आणि मुन्नारच्या उंचावर रेनबो ट्राउट रुजला. महाबळेश्वरचे ओढे मात्र मार्चलाच धापा टाकतात.

आणि हो, खाडीत ओहोटी लागताना एक क्लाउझर मिन्नो टाकून बघा. हरणाच्या शेपटीच्या केसांची, जड डोळ्यांची फ्लाय आहे. जिताडा ती घेतो.

मासा फ्लाय घेतो, झटका बसतो, पण लागत नाही. दिवसभरात सात गेले. (ठाणे)

दोरीत ढिलाई असेल, नाहीतर घाई. पण आधी गळ बघा. तीर्थनवर मीही एकदा दोन दिवस असाच चरफडत होतो. रॉड बदलला, टिपेट बदललं, बरोबरच्या मित्राला दोष दिला. दुसऱ्या संध्याकाळी चहा पिताना फ्लाय सहज निरखली तर टोकच नव्हतं. मागे फेकताना ती काठावरच्या खडकावर आपटली होती, बहुधा पहिल्याच सकाळी. आता दर अर्ध्या तासाने गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर ओढून बघतो. रुतलं तर पुढे, घसरलं तर नवी.