धुळ्यातलं कृष्णकमळ मुलीकडे स्कॉटलंडच्या थंडीत जगेल का?

जगेल, पण जात बघून घ्या. धुळ्यात जानेवारीत पारा कधीमधी ५-६ अंशांवर येतो आणि आपला वेल तग धरतो. तिकडे मात्र जमीन गोठते. बाहेर लावायचं तर निळं कृष्णकमळ (पॅसिफ्लोरा सेरुलिया) घ्यायला सांगा. ते उणे १० अंशांच्या आसपासपर्यंत निभावतं. वरचा वेल करपला तरी मुळं शाबूत असली की उन्हाळ्यात नवे फुटवे येतात, म्हणून हिवाळ्यात बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर हवा. जागा दक्षिणेकडच्या भिंतीलगत, वारा न लागणारी. आपण झाडाला उन्हापासून वाचवतो, तिथे ऊन शोधावं लागतं!

पॅशनफ्रूट ही कृष्णकमळाचीच खायच्या फळांची जात; ते दहिवर गोठलं की मरतं, ते कुंडीतच बरं. कुंडी फार मोठी नको. मुळं जरा आवळलेली असली की फुलं जास्त येतात. युरियासारखं नत्राचं खत दिलं तर नुसती पानं माजतात. हिवाळ्यात घरातल्या थंड पण उजेडाच्या खोलीत ठेवावं, पाणी अगदी बेताचं. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी लागतो, तोच आपल्या वांगी-भेंडीवरचा. पानं खालून धुवत राहायची.

छाटणी वसंतात, कारण फुलं नव्या फुटीवर येतात.

आणि इथून फांदी बॅगेत घालून पाठवू नका. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ती विमानतळावरच जप्त होईल. रोप तिकडच्याच नर्सरीतून घ्यावं.