कर्ज काढून मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घ्यावं, की कॅपमधून मिळालेली जागा?

दादा, तुम्ही लिहिलंय की बहिणीला कॅपमधून, म्हणजे अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, परजिल्ह्यात ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) मिळालंय, गावाजवळच्या खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळतंय, तुम्ही ओबीसी आहात, वडिलांची शेती आहे, उत्पन्न दोन लाखांच्या आत, आणि नातेवाईक म्हणतायत की कर्ज काढा. मी एका अभियांत्रिकी कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम बघते. माझं कळकळीचं सांगणं आहे, कॅपची जागा सोडू नका.

फीमाफीसाठी जात आणि उत्पन्न बघतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्रवेश कुठल्या वाटेने झाला हेही बघतात, आणि तिथेच कुटुंबं अडकतात. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य शासन पूर्ण भरतं. आधी निम्मं भरायचं. मात्र मॅनेजमेंट कोटा आणि संस्था स्तरावरचे, म्हणजे कॉलेजने स्वतः दिलेले, प्रवेश यातून वगळले आहेत. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठंही वगळली आहेत. एकाच वर्गातल्या दोन मुलींपैकी एकीची फी माफ आणि दुसरीच्या घरी चार वर्षं पूर्ण फीचा भार, हे मी दर वर्षी बघते आणि फार वाईट वाटतं. ‘कॅप संपल्यावर त्याच कॉलेजात रिकामी जागा घेऊ’ असं कुणी सुचवलं तर तेही ऐकू नका, तो प्रवेश संस्था स्तरावरचाच धरला जातो.

आता कर्ज. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेचं नाव तुम्ही घेतलंय. तिच्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण ती ठरावीक यादीतल्या संस्थांपुरतीच, आणि मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला नाही. सरकारची दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी मिळत असेल तरीही ही सवलत मिळत नाही. त्यामुळे फीसाठी कर्ज हा हिशोबच तुमच्या घराला लागू नाही.

खर्च उरतो तो विकास शुल्क, राहणं आणि मेसचा. इतर मागास बहुजन कल्याण विभागाची सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पुणे-मुंबईसारख्या शहरांत वर्षाला ६० हजारांपर्यंत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी ती आहे, जागा मोजक्या आहेत आणि निवड गुणांवर होते, म्हणून वसतिगृहाचा अर्ज आधी भरा. तरीही कमी पडलं तर छोटं शैक्षणिक कर्ज घ्या. ४ लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, वडील सहकर्जदार लागतात. शिकत असतानाही व्याज चढत असतं, जमेल तेवढं भरत राहा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ जातो तो जात वैधता प्रमाणपत्राला. पडताळणी समितीकडे अर्ज केला नसेल तर उद्याच करा. नॉन-क्रिमीलेअर, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि बहिणीच्या नावाचं आधारला जोडलेलं खातं हवंच. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज दर वर्षी करावा लागतो, पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं असं नाही.

आणि कॉम्प्युटरची आशा सोडायचं कारण नाही. पसंतीक्रमामुळे ईअँडटीसीची जागा आपोआप पक्की झाली नसेल आणि फेऱ्या बाकी असतील, तर जागा स्वीकारून बेटरमेंट (पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला तर बदलायची मुभा) ठेवा आणि पुढच्या फेरीत कॉम्प्युटरचे पर्याय वर टाका. वैधतेचं कुठवर आलंय ते मात्र कळवा.