एमटीटीत पेशी ११० टक्के जिवंत? आधी पेशी नसलेल्या वेल्स वाचा

नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न दोन ओळींत: पानांचा मेथॅनॉलमध्ये काढलेला अर्क, एमसीएफ-७ पेशी (स्तनाच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या), ४८ तास, एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून अजमावायची चाचणी). छापील पेपरात आयसी-५० (वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास. तुमच्याकडे सगळ्यात वरच्या मात्रेला पेशी ११० टक्के ‘जिवंत’, दुसऱ्या खेपेला तीच मात्रा ८० टक्क्यांवर, आणि गाइडचं उत्तर एकच: पुन्हा करा.

हे दुखणं ओळखीचं आहे. पुन्हा करून ते जात नाही. सेल काउंट, पिपेटिंग, हूडमधली स्वच्छता यावर मी काही लिहीत नाही, ते तुम्हाला येतच असणार. खालचं सगळं चिकटून वाढणाऱ्या पेशी आणि ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट एवढ्यापुरतंच खरं धरा.

एमटीटी पेशी मोजत नाही. ते पिवळं टेट्राझोलियम मीठ इलेक्ट्रॉन मिळाले की जांभळं फॉर्मझान होतं, बस. इलेक्ट्रॉन पेशीतल्या एनएडीएचकडून (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) आले की तुमच्या अर्कातल्या पॉलिफेनॉलकडून, हे त्या रंगाला कळत नाही. ॲस्कॉर्बिक आम्ल, क्वेर्सेटिन, थायॉल गट असलेली संयुगं ही मंडळी पेशींशिवायच एमटीटीचा रंग जांभळा करतात. मोसमननं १९८३ साली ही पद्धत दिली तेव्हा समोर होत्या लिम्फोसाइट पेशी आणि त्यांच्यावर काम करणारे वाढीचे घटक. पानांचे गडद हिरवे अर्क नव्हते.

म्हणून पुढच्या प्लेटआधी पेशींशिवाय एक प्लेट करा. मीडियम १०० मायक्रोलिटर, अर्काच्या सगळ्या मात्रा जशाच्या तशा, ४८ तास इन्क्युबेटरमध्ये. मग एमटीटी (पीबीएस या खारट बफरमध्ये मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम, ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळलेलं, अंधारात ठेवलेलं) प्रत्येकी १० मायक्रोलिटर, ३७ अंशांना ३ तास. पुढे मीडियम काढणं, डीएमएसओ (फॉर्मझान विरघळवणारं द्रावक) घालणं, हलवणं, सगळं खऱ्या प्लेटसारखंच. ‘पेशीच नाहीत तर मीडियम कशाला काढायचं’ असं म्हणून पायरी गाळू नका. अर्क तळाच्या प्लास्टिकला चिकटतो, जास्त मात्रेला साका बसतो, आणि तो डीएमएसओत विरघळून रीडिंगमध्ये येतो. ते किती येतं हेच तर बघायचंय.

या प्लेटमध्ये मात्रेबरोबर जांभळा रंग चढत गेला तर तुमच्या ११० टक्क्यांचं उत्तर मिळालं.

खऱ्या प्लेटमध्ये यापुढे किमान पाच प्रकारच्या वेल्स ठेवा: नुसतं मीडियम अधिक एमटीटी, पेशी अधिक वाहक द्रावक (अर्क ज्यात विरघळवलाय तेच, पण अर्काविना) अधिक एमटीटी, पेशी अधिक अर्क अधिक एमटीटी, अर्क अधिक एमटीटी पण पेशी नाहीत, आणि पेशी अधिक अर्क पण एमटीटी नाही. शेवटच्या दोन प्रत्येक मात्रेसाठी हव्यात. एका मात्रेला मोजून बाकीच्यांना तोच आकडा लावणं चालत नाही, कारण हा हस्तक्षेप मात्रेच्या सरळ प्रमाणात वाढेलच असं नाही. डॉक्सोरुबिसिनसारखा एक ओळखीचा मारकही ठेवा, म्हणजे प्लेटच बिघडली असेल तर कळेल.

गणित बघा (आकडे समजावण्यापुरते घेतलेत). पेशी आणि वाहक: ०.९०. नुसतं मीडियम: ०.०५. वरची मात्रा पेशींसकट: ०.९८. तीच मात्रा पेशींशिवाय: ०.५५. साध्या ब्लँकनं (वजा करायचं पेशींशिवायचं रीडिंग, इथे नुसत्या मीडियमचं) हिशेब केला तर ०.९३ भागिले ०.८५, म्हणजे १०९ टक्के. त्या मात्रेचा स्वतःचा ब्लँक वजा केला तर ०.४३ भागिले ०.८५, म्हणजे ५१ टक्के. एका रकान्यानं ‘वाढ होते’चं ‘निम्म्या मेल्या’ झालं.

पण ५१ हा आकडाही पेपरात टाकू नका. पेशी असताना अर्काचा काही भाग त्यांच्या आत जातो, काही प्रथिनांना चिकटतो, एमटीटीवर दोघांची ओढाताण होते. वजाबाकी एवढी सरळ नसते. माझा ठोकताळा असा: पेशींशिवायचं रीडिंग कंट्रोलच्या (पेशी अधिक वाहक) दहाव्या भागाच्या वर गेलं तर दुरुस्ती करत बसू नका, पद्धत बदला. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही. कुणी पाचवा भागही म्हणेल.

आता दुसऱ्या खेपेच्या ८० टक्क्यांकडे. तुम्ही लिहिलंय की प्लेट संस्थेच्या उपकरण केंद्रात वाचून मिळते आणि ‘रिझल्ट शीट’ येते. इथेच थांबा. त्या शीटवर कच्चे आकडे आहेत का? की आधीच काहीतरी वजा केलेले?

फॉर्मझान ५७० नॅनोमीटरला वाचतात, आणि ओरखडे, प्लास्टिकचा धुरकटपणा वगैरे काढून टाकायला ६३० ते ६९० मधली एखादी संदर्भ तरंगलांबी वजा करतात. कल्पना चांगली, अट एकच: त्या संदर्भ तरंगलांबीला तुमचा पदार्थ काही शोषत नसला पाहिजे. हिरव्या पानांच्या अर्कात क्लोरोफिल असतं, ते डीएमएसओत छान विरघळतं आणि ६६५ च्या आसपास त्याचं टोकदार शिखर असतं. म्हणजे वजा करायला निवडलेली जागा नेमकी तुमच्या अर्काचीच! समजा अर्कानं एकाही पेशीला धक्का लावलेला नाही. कंट्रोल ०.९० वजा ०.०५, म्हणजे ०.८५. अर्काच्या वेलमध्ये ५७० ला ०.०८ वाढले आणि संदर्भाला ०.२५ वाढले: ०.९८ वजा ०.३०, म्हणजे ०.६८. भागाकार बरोब्बर ८० टक्के. एकही पेशी न मरता वीस टक्के ‘मृत्यू’. एका खेपेला संदर्भ वजा झाला आणि दुसऱ्या खेपेला नाही, एवढ्यानंसुद्धा तुमच्यासारखे दोन उलटे निकाल येतात. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय असा दावा नाही, पण आधी हे तपासा.

इथे थोडी भडास. आमचं सगळ्यात जास्त नुकसान पेशींनी नाही, अशाच एका उपकरण केंद्रानं केलं. नाव घेत नाही. शीटवर फक्त टक्के. तरंगलांबी विचारली तर ‘एमटीटीची जी असते ती’. कच्ची फाइल मागितली तर ती ठेवत नाहीत. लेखी अर्ज केला तर सॉफ्टवेअर आपोआप करतं असं उत्तर. सॉफ्टवेअर आपोआप काही करत नाही, आधीच्या कुणीतरी भरून ठेवलेला प्रोटोकॉल चालवतं, आणि तो प्रोटोकॉल कुणाच्या कामासाठी भरला होता हे विचारण्याचा हक्क नमुना देणाऱ्याला असतो. ज्या केंद्रात कच्चे आकडे मिळत नाहीत तिथे मोजणी झालीच नाही असं मी धरतो. टोकाचं वाटेल, वाटू दे.

तर नमुना देतानाच लेखी मागा: ५७० चे कच्चे आकडे, संदर्भ तरंगलांबीचे कच्चे आकडे वेगळ्या तक्त्यात, काहीही वजा न करता, यंत्राच्या मूळ फाइलसकट. यंत्र तरंगलांबी हवी तशी निवडू देणारं असेल तर प्रत्येक मात्रेच्या एका वेलचा ४०० ते ७५० नॅनोमीटरचा स्कॅन मागा, दहा-दहा नॅनोमीटरच्या टप्प्यानं पुरे. फॉर्मझानचा उंचवटा रुंद दिसतो, क्लोरोफिलचं शिखर ६६५ ला सुळक्यासारखं, आणि त्याचं मोठं भावंड ४३० कडे. एक नजर टाकली की संदर्भ कुठे घ्यायचा ते कळतं. अर्क हिरवा असेल तर माझं मत: संदर्भ वजा करूच नका, त्यापेक्षा प्लेटचा तळ पुसून घ्या.

अर्क काढून पेशी धुवायच्या आणि मग ताज्या मीडियममध्ये एमटीटी द्यायचं, हा उपाय कुणीतरी सुचवेलच. बराच फरक पडतो, पण सैल झालेल्या पेशी धुण्यात वाहून जातात आणि त्या सैल झाल्या म्हणजे मेल्याच असं नाही. कोमट पीबीएस, भिंतीवरून हळू, दोनदाच. पेशी नसलेल्या वेल्सही त्याच रीतीनं धुवा.

डीएमएसओत फॉर्मझानचा रंग पीएचप्रमाणे बदलतो, आणि दाट पेशींच्या वेलमध्ये उरलेलं मीडियम विरळ वेलपेक्षा जास्त आम्ल असतं. त्यावर सोपा तोडगा आहे: २०० मायक्रोलिटर डीएमएसओमागे २५ मायक्रोलिटर ग्लायसिन बफर (०.१ मोलर ग्लायसिन, ०.१ मोलर मीठ, पीएच १०.५). आकारमान सगळीकडे सारखं ठेवा. प्लेटमध्ये प्रकाश वरून खाली जातो, त्यामुळे मार्गाची लांबी द्रवाच्या उंचीएवढी: १०० मायक्रोलिटरला सुमारे ०.३ सेंटिमीटर. कमी-जास्त भरलं की रीडिंग कमी-जास्त.

पद्धत बदलायची तर काय? रेसाझुरिन किंवा डब्ल्यूएसटी घेऊ नका, तीही क्षपणावरच (इलेक्ट्रॉन मिळून रंग बदलण्यावरच) चालतात, म्हणजे आजार तोच. मी एसआरबी सुचवेन (सल्फोर्होडामिन बी हा रंग, १९९० पासून वापरात आहे). मीडियम न काढता १०० मायक्रोलिटरवर थंड १० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल १०० मायक्रोलिटर, ४ अंशांना एक तास. पाण्यानं चार वेळा धुणं, वाळवणं. १ टक्का ॲसेटिक आम्लात ०.०५७ टक्के रंग, अर्धा तास. पुन्हा १ टक्का ॲसेटिक आम्लानं धुणं, पूर्ण वाळवणं, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच १०.५, आणि ५१० नॅनोमीटरला वाचन. रंग प्रथिनांना धरतो, अर्काच्या क्षपणशक्तीशी त्याला देणंघेणं नाही. तोटा: नुकतीच मेलेली पण अजून चिकटलेली पेशीही मोजली जाते. शिवाय अर्कात टॅनिन जास्त असेल तर ते प्रथिनांना धरून तळाशी बसू शकतं, म्हणून पेशी नसलेल्या वेल्स इथेही लागतातच. दोन-तीन मात्रांना ट्रायपॅन ब्लूनं (मेलेल्या पेशीच रंगवणारा रंग) हातानं मोजून ताळा घ्या.

‘मिलिलिटरला ४० मायक्रोग्रॅम’ या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका. अर्क वजन करून विरघळवला आणि मग ०.२२ च्या फिल्टरमधून गाळला, तर फिल्टरवर जे अडकलं ते मात्रेतून गेलं. गाळलेल्या द्रावाचा एक भाग वाळवून वजन करा आणि खरी मात्रा त्यावरून काढा. शेवटच्या मीडियममध्ये डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या आत, जमलं तर ०.१ टक्का, आणि सगळ्या मात्रांना एकसारखा. प्लेटच्या कडेच्या ३६ वेल्समध्ये पाणी उडतं, तिथे पीबीएस भरून आतल्या ६० च वापरा.

आयसी-५० हा पदार्थाचा गुणधर्म असल्यासारखा छापतात, तो तसा नाही. पेशी किती पेरल्या, किती तास ठेवल्या, त्या काळात किती वेळा विभागल्या यावर तो हलतो. एकाच प्लेटवरच्या सहा वेल्स म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. वेगळा दिवस, वेगळा पॅसेज (पेशी नव्या भांड्यात पुन्हा वाढवण्याची फेरी), अर्काचं ताजं द्रावण, असं धरून एक.

हा रोग फक्त पेशीवाल्यांचा नाही. ‘संक्रमण धातूविना’ म्हणून आलेल्या सुझुकी जोडणीचं (कार्बनला कार्बन जोडणारी, एरवी पॅलेडियम लागणारी अभिक्रिया) काम सोडियम कार्बोनेटमधल्या अब्जांश पातळीच्या पॅलेडियमनं केलं होतं, हे २००५ मध्ये मूळ गटानंच छापलं. २०२३ च्या एलके-९९ (नेहमीच्या तापमानाला अतिवाहक म्हणून गाजलेला पदार्थ) मध्ये रोध एकदम घटायचा, त्याचं कारण नमुन्यातलं क्युप्रस सल्फाइड निघालं, जे १०४ अंश सेल्सिअसच्या सुमारास रचना बदलतं. दोन्हीकडे परिणाम खरा होता, पण तो कोणामुळे होतोय हे ज्या कंट्रोलनं कळलं असतं तो आधी नव्हता. म्हणून त्या छापील पेपराच्या लेखकांना खोटारडे समजू नका. २०१४ साली दोन नामांकित कर्करोग प्रयोगशाळांनी छापलंय की स्तनाच्या ऊतीतून वेगळ्या केलेल्या पेशींचे त्यांचे निकाल जुळत नव्हते, आणि फरक निघाला ऊती ढवळण्याच्या पद्धतीत, जो कुणाच्याच लेखी पद्धतीत नव्हता.

लेखकांना मेल करा, पण ‘आमचं जुळत नाही’ असं मोघम लिहू नका. एवढंच विचारा: वेलला किती पेशी, किती तास, सीरम किती टक्के, अर्क गाळण्याआधीची मात्रा की नंतरची, संदर्भ तरंगलांबी वजा केली का आणि कोणती, पेशींशिवाय अर्काचा ब्लँक होता का. मुद्देसूद विचारलं तर उत्तर यायची शक्यता वाढते. दरम्यान तुमच्या पेशींची मायकोप्लाझ्मा पीसीआर (पेशींत लपलेला जिवाणू शोधायला) आणि एसटीआर (पेशी त्याच आहेत ना हे डीएनएवरून बघायला) चाचणी उरकून घ्या. मायकोप्लाझ्माही एमटीटीच्या रीडिंगमध्ये ढवळाढवळ करतो, आणि ही दोन प्रमाणपत्रं कुठलाही बरा परीक्षक मागणारच.