गुहागरला म्हशी कमी करून करपा न येणारा बटाटा लावावा का?

तुमच्या आठ म्हशी, पेंड महागलेली, दुधाला दर नाही. म्हणून चार विकून भाताच्या खाचरात करपारोधक बटाटा, म्हणजे पाला काळा पाडून जाळणाऱ्या उशिराच्या करप्याला टिकणारा, लावायचा विचार आहे. मी दापोलीकडचा, माझ्याही दावणीला पाच आहेत. सांगतो ते एवढंच, की एवढ्यात म्हशी विकू नका.

करप्याला गारवा लागतो आणि ओला पाला लागतो. आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा खाचरात बटाटा कुजतोच, आणि भात निघाल्यावर हवा कोरडी. म्हणजे जो रोग फारसा येणारच नाही, त्याच्यासाठी महागडं बेणं. कुफरी गिरधारी करप्याला चांगलं टिकतं, पण ते डोंगराळ भागासाठी काढलेलं वाण. आपली अडचण वेगळीच. रात्रीचा पारा २० अंशांखाली राहिला नाही, तर बटाटा नीट पोसत नाही. तुमच्या किनाऱ्यावर तशा रात्री किती मिळतात ते तुम्हीच बघा.

मी एक गुंठा लावला होता, २५ किलो बेणं. पाला असा माजला की शेजारी बघायला यायचे. खणलं तर निम्मे बटाटे सुपारीएवढे! त्यात काही झाडं भर दुपारी हिरवीगारच माना टाकायची. एकाचं खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं, तर कापलेल्या तोंडातून दुधासारखी पांढरी तार खाली उतरायला लागली. ही जिवाणूंची मर. करपारोधक वाणाचा हिच्यापुढे काही उपयोग नाही. आदल्या वर्षी त्याच तुकड्यात वांगी होती, आणि वांगी-मिरची-टोमॅटो सगळे बटाट्याचे भाऊबंद, ही मर त्यांनाही लागते. चूक माझीच.

हौसच असेल तर नोव्हेंबरच्या मध्यावर गुंठाभर लावा, कुफरी सूर्या किंवा कुफरी लवकर, उष्णता सोसणारी वाणं. एकरी १० ते १२ क्विंटल बेणं लागतं, म्हणून थेट एकरावर उडी नको.

मी मात्र आता रताळी लावतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोकण अश्विनी हे वाण आहे. बेणं विकत घ्यावं लागत नाही, वेलाचे तुकडे खोचले की झालं, आणि काढणीला निघालेले वेल म्हशी आवडीने खातात. (डुकरंही खातात, तेव्हा कुंपण आधी.) बटाट्याचा पाला आणि हिरवे पडलेले बटाटे मात्र गोठ्यात टाकू नका, त्यात सोलॅनिन असतं. मी तो सगळा पाला खड्ड्यात पुरला.